पारगम्यता हा एकच आकडा नाही
नाशिकच्या बेसॉल्टमध्ये बोअरला पाणी लागतं ते भेगांतून, भूपट्टाखाली भूपट्ट सरकतो तिथल्या प्रस्तरभंगातही (खडक तुटून सरकतो त्या मोठ्या चिरेतही) ते भेगांतूनच वाहतं, हे म्हणणं पटतं. पण तिथली पारगम्यता, म्हणजे खडकातून पाणी किती सहज वाहतं ते, कायम एकच धरू नका. १० किमी खोलीवर खडकाचा भार साधारण २६५ मेगापास्कल. भेगेतल्या पाण्याचा दाब १०० असेल तर उरलेले १६५ भेग आवळून धरतात. तोच २५० वर गेला की उरतात जेमतेम १५. भेग सैल होते, पारगम्यता कित्येक पटींनी वाढते, पाणी निसटतं, दाब उतरतो नि भेग पुन्हा मिटते. जपानजवळच्या नानकाई आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या कॅस्केडिया या पट्ट्यांत भूपट्ट मोठा धक्का न देता हळूहळू सरकतात, त्या संथ घसरणीमागे हेच चक्र असावं, असं मानतात.

प्रयोगशाळेत ही पारगम्यता मोजताना खडकाचा नमुना आधी दोन-तीनदा दाबून-सोडून घ्याच. पहिल्याच फेरीत भेगेतले उंचवटे कायमचे चुरडतात. दाब सोडला तरी पारगम्यता पूर्ववत होत नाही.