नेक्ससच्या लेनमध्ये आईबाबा?

एकाने विचारलंय, आपल्याकडे नेक्सस कार्ड (अमेरिका-कॅनडा सीमा वेगळ्या लेनने झटपट ओलांडायचं कार्ड) आहे, तर व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेत आलेल्या आईबाबांना घेऊन त्याच लेनने नायगाराला कॅनडाच्या बाजूला जाता येईल का? नाही. गाडीतल्या प्रत्येकाकडे, मांडीवरच्या बाळाकडेसुद्धा, स्वतःचं कार्ड लागतं. एकाकडे नसलं तरी सगळ्यांनी साध्या रांगेत. नायगाराजवळचा सीमेवरचा व्हर्लपूल पूल तर फक्त नेक्ससवाल्यांसाठीच आहे, तेव्हा जीपीएसने तिकडे नेलं तर जवळच्याच रेनबो ब्रिजकडे वळा, तो सगळ्यांसाठी आहे. आईबाबांना कॅनडाचा व्हिसा वेगळा लागेल हे गृहीत धरतो.

ग्लोबल एंट्री (अमेरिकेत शिरताना तपासणी लवकर उरकणारी सोय) भारतीय नागरिकांना मिळते, पण ती अमेरिकेत परतताना उपयोगाची. कॅनडात शिरताना नाही.

आणखी एक, सीमेवर मनाई असलेलं काही नको, म्हणून पिशव्या आधी तपासा. आमच्या मातोश्रींनी डब्याखाली कढीपत्त्याची जुडी दडवली होती. अमेरिकेत परतताना सीमेवरच्या तपासणी बूथवर मीच आधी सांगून टाकलं, म्हणून जुडी कचऱ्यात जाण्यावर भागलं. न सांगता सापडली असती तर दंड, वर नेक्सस कार्डही जाऊ शकतं. आई मात्र टोरांटोत घेतलेल्या त्या जुडीसाठी बफेलोपर्यंत हळहळत होती.