मदत हवी आहे: सरासरी गुणांवर मोठ्या लॉ फर्ममध्ये नोकरी

नमस्कार. मी बेळगावात पाच वर्षांच्या बी.ए. एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. महाविद्यालय हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाशी संलग्न असून माझी सरासरी ५४ टक्के आहे. एकही विषय राहिलेला नाही, पण प्रथम वर्ग मिळणार नाही हे स्पष्ट आहे. मला मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूतील मोठ्या लॉ फर्मच्या स्थावर मालमत्ता विभागात काम करायचे आहे. अशा फर्म आमच्याकडे भरतीला येत नाहीत आणि ईमेलने पाठवलेल्या अर्जांना उत्तर आलेले नाही.

येथील एका ज्येष्ठ वकिलांकडे मी टायटल सर्च (जुन्या नोंदींवरून मालमत्तेची मालकी तपासणे) मन लावून शिकलो आहे. पहाणी (कर्नाटकातील सातबारासारखा जमिनीचा उतारा), फेरफार आणि वाटणीपत्रे एकमेकांशी ताडून, मध्येच एखाद्या वारसाची नोंद गळली आहे का हे शोधणे मला मनापासून आवडते. १९५६ पूर्वी हा भाग मुंबई राज्यात असल्याने जुने दस्त बरेचदा मराठीत आणि नंतरचे कन्नडमध्ये असतात. दोन्ही वाचून इंग्रजीत अहवालाचा मसुदा मी करू शकतो. ही गोष्ट अर्जात एका ओळीत हरवून जाते, असे मला वाटते.

एलएल.एम.चा खर्च सध्या झेपणार नाही. बिनपगारी इंटर्नशिप फार तर दोन महिने करता येईल.

तेव्हा या विभागातील वकिलांना, पक्षकारांची नावे व सर्व्हे नंबर झाकलेला नमुना अहवाल जोडून थेट लिहावे की आधी मध्यम फर्ममध्ये दोन वर्षे काम करावे, आणि थेट लिहिल्यास गुण पहिल्याच पत्रात सांगावेत का?