'मेंडिकंट फ्रायर'ला मराठीत काय म्हणावं?

जाईजुई: इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसवरचा एक लेख मुलांसाठी अनुवादित करते आहे. 'मेंडिकंट फ्रायर'पाशी, म्हणजे भिक्षा मागून राहणारा ख्रिस्ती व्रती, तिथे अडले. 'भिक्षुक' लिहिलं, तर आई म्हणाली, "म्हणजे हा पूजा सांगायला जायचा का?" 'भिकारी' लिहवत नाही.

खडूफळा: आईंचं बरोबर आहे. 'भिक्षेकरी' घ्या. 'मठवासी' मात्र नको, हे लोक गावोगाव हिंडून उपदेश करायचे.

पेठेतला: 'माधुकरी' असताना भिक्षेकरी कशाला? माझे आजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले. भुंगा फुलाला न दुखवता मध घेतो, तसं पाच घरांतून थोडं थोडं. फ्रान्सिसला हाच शब्द शोभेल.

खडूफळा: शब्द गोड आहे, पण इथे बसत नाही. १२२६ साली त्याने मागे ठेवलेल्या मृत्युपत्रात क्रम स्पष्ट आहे: आधी हातांनी काम करा, मजुरी मिळाली नाही तर दारोदार मागा. नाणं घ्यायचं नाही, हा दंडक तर १२२३च्या नियमावलीतच आहे. कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा होता तो. त्याने गरिबी आपणहून पत्करली. माधुकरी मागणाऱ्या मुलाला ती निवड नव्हती.

पेठेतला: निवड नव्हती म्हणून ते हलकं होत नाही. आजोबा मिळालेलं अन्न आधी देवाला दाखवायचे, मग जेवायचे. माझ्या लेखी तेही व्रतच.

वसईची लेक: भिक्षेवरच का थांबलात सगळे? 'फ्रायर' आला लॅटिन 'फ्रातेर'वरून, म्हणजे भाऊ. त्यांच्या संघाचं नावच 'धाकटे बंधू' अशा अर्थाचं आहे. सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारा माणूस हा! 'भिक्षेकरी बंधू' म्हणा, आणि त्यातला 'बंधू' गाळू नका. आमच्या घरी त्याला 'असिसीकर संत फ्रान्सिस' म्हणतात.

ऱ्हस्वदीर्घ: 'असिसीकर' खटकलं. परक्या गावाला आपला '-कर' कशाला? 'असिसीचा' म्हणावं.

वसईची लेक: आजी प्रार्थनेत असंच म्हणायची. तिच्यासाठी तो परका नव्हता.

पेठेतला: 'फ्रातेर' आणि आपला 'भ्राता' एकच ना? तसेच 'सेंट' आणि 'संत'ही.

खडूफळा: पहिली जोडी सख्खी आहे, दुसरी नाही. 'संत' आला 'सत्'वरून, मुळात 'अस्' धातू, असणे. 'सेंट' आला लॅटिन 'सांक्तुस'वरून, त्याचं क्रियापद पवित्र ठरवण्याचं. फ्रान्सिसला पोप नववे ग्रेगरी यांनी १२२८ साली रीतसर संत घोषित केलं, मृत्यूनंतर दोनच वर्षांनी.

पेठेतला: दोन वर्षांत! आपल्याकडे तुकोबांना कोणी घोषित केलं? लोकांनीच म्हटलं. मग 'सेंट'ला 'संत' म्हणणंच चूक ठरेल.

ऱ्हस्वदीर्घ: चूकच आहे. 'सेंट' ठेवा.

वसईची लेक: अजिबात नाही. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या 'संत'च म्हणतो, मराठीतूनच प्रार्थना करतो. गोव्यात कोकणीत 'सांत आंतोन' म्हणतात, तो 'सांत' पोर्तुगीजांकडून आला. तो अंतोनही फ्रान्सिसच्याच संघातला.

जाईजुई: तूर्त 'भिक्षेकरी बंधू' लिहिलंय. आई विचारते आहे, 'धाकटे' कुणापेक्षा?