पट्टी कोरडी असली तरी

वहिनी (बी-३०२): नमस्कार. यांची आज सकाळी लिव्हर बायोप्सी झाली, तपासायला सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढला. चार तास तिथेच निजवून ठेवलं होतं, आत्ता घरी आलोय. सुई फासळ्यांमधून घातली आणि दुखतोय उजवा खांदा! असं होतं का कोणाला?

काका (ए-१०४): एका कुशीवर पडून अवघडला असेल. बाम चोळा, एखादी पेनकिलर द्या.

ताई (सी-२०१): काका, थांबा. वहिनी, पेनकिलर मनाने देऊ नका. ब्रुफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. कागदावर लिहिलीय तीच गोळी द्या. मी २६ वर्षं वॉर्डात काढलीत, म्हणून सांगते. लिव्हरच्या वर श्वासाचा पडदा असतो. तो दुखावला की कळ खांद्यात येते. थोडं दुखणं बऱ्याच जणांना होतं आणि हळूहळू उतरतं. चढत गेलं किंवा पोटभर पसरलं, तर वाट बघायची नाही. आत्ता कसं आहे?

वहिनी (बी-३०२): तितकंच आहे. पट्टी मात्र अगदी कोरडी आहे.

ताई (सी-२०१): पट्टीवर जाऊ नका, हात जोडून सांगते. रक्तस्राव आत पोटात होतो, बाहेर टिपूसही दिसत नाही. माझ्या सासऱ्यांना बायोप्सीच्या संध्याकाळी चक्कर आली, दरदरून घाम फुटला. सकाळपासून उपाशी होते, म्हणून घरच्यांनी लिंबाचं सरबत दिलं, पंखा लावला. मी ड्यूटीवरून आले, हात धरला तर गार, चिकट. नाडी १२०. पोट फळीसारखं कडक. दीड तास त्या सरबतात गेला होता. रक्त चढवावं लागलं, पण वाचले. तुमच्या मिस्टरांची नाडी मोजा आत्ता, पूर्ण एक मिनिट.

वहिनी (बी-३०२): ८२.

काकू (ए-३०३): त्यांना बीपीची गोळी चालू आहे ना?

ताई (सी-२०१): बरी आठवण केलीत काकू. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. नुसत्या आकड्यावर विसंबू नका. उठताना अंधारी येते का, चेहरा पांढराफटक पडतो का, बघा. दम लागला तरी लगेच निघा, फुफ्फुसाला सुई लागलेली असू शकते. बहुतेक त्रास पहिल्या २४ तासांतच दिसतो.

वहिनी (बी-३०२): रक्त पातळ करायची गोळी बंद ठेवलीय. आज रात्री सुरू करू?

ताई (सी-२०१): नाही. ज्यांनी बंद केली त्यांनाच विचारा. डिस्चार्जच्या कागदावर नंबर असेल. खांद्याचंही सांगा.

दादा (बी-१०१): वहिनी, माझी गाडी गेटच्या तोंडाशी लावतो. राजवाड्याच्या बाजूने या वेळी गाडी रांगते, लागलंच तर रिंगरोड धरू. १०८ चा नंबरही हाताशी ठेवा.

काका (ए-१०४): गेटजवळची माझी स्कूटर काढतोय. वहिनी, बाम राहू द्या.

(रात्री ९.४०)

वहिनी (बी-३०२): डॉक्टरांशी बोलले. गोळी कधी सुरू करायची ते उद्या सांगणार. खांदा बराच उतरलाय, नाडी ७८. मऊ भात खाल्ला.

ताई (सी-२०१): छान! रात्री दोनदा तरी उठून बघा, मला केव्हाही फोन करा. आठवडाभर जड उचलणं बंद, पाण्याची बादलीसुद्धा. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, डांबरासारखी काळी शौच, यातलं काहीही पाचव्या-सहाव्या दिवशी दिसलं तरी बायोप्सी झाल्याचं सांगून डॉक्टरांना दाखवा. पित्ताच्या नळीत उशिराही रक्त उतरतं.

वहिनी (बी-३०२): हो ताई. १ चा आणि ४ चा अलार्म लावला.