‘गैरवर्तन’ की ‘कसुरी’?

लालबागकर: शेजारच्या पोराला नाकाबंदीत एका पोलीस अंमलदारानं विनाकारण मारलं. मी केलेल्या तक्रारीचं काय झालं ते कळावं म्हणून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला: ‘संबंधित अंमलदाराच्या गैरवर्तनाच्या नोंदी द्याव्यात.’ महिन्यानं एका ओळीचं उत्तर आलं, ‘माहिती अभिलेखावर नाही.’ खात्यातून निवृत्त झालेले मामा म्हणाले, ‘शब्दच चुकला तुझा. आमच्याकडे कसुरी अहवाल असतो, म्हणजे कामात चुकल्याचा अहवाल. गैरवर्तन म्हणजे बाईमाणसाची छेड.’ खरंच अर्थ इतका आक्रसलाय? अपिलात काय लिहू?

दादरकर: पेपरवाल्यांनी आक्रसवलाय. ‘तरुणीशी गैरवर्तन’ हाच मथळा रोज. सरकारी शब्द ‘गैरवर्तणूक’. सरकारी नोकरांसाठीच्या 1979 च्या नियमांचं नावच ‘वर्तणूक नियम’ आहे.

मुलुंडकर: ‘गैर’ अरबी. अपवर्तन म्हणा की!

दादरकर: अपवर्तन दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचं होतं, शब्द गेला तिकडे. आणि ‘गैरसोय’, ‘गैरसमज’ काढून टाकणार आहात का?

गिरगावकर: आजी म्हणायची, ‘देवाच्या सेवेत कसूर नको.’ कसाला उतरत नाही ते कसूर, असं मला वाटतं.

दादरकर: नाही हो, अरबी कुसूर, म्हणजे उणीव. ‘कसर’ही अरबीच, पण ती वेगळी, मूळ अर्थ अपूर्णांक.

कुर्लेकर: म्हणूनच मला ‘कसुरी’ बोचतो. हजेरीला उशीर ही कसूर, आणि पोराच्या पाठीवर वळ उठवणं हीसुद्धा नुसती उणीवच?

लालबागकर, अपिलात नवी मागणी चालत नाही. ‘माझ्या तक्रारीबद्दलच मागितलं होतं’ एवढं 30 दिवसांत अपिलात मांडा. नवा अर्ज वेगळा करा, एकच विषय, 150 शब्दांत. अंमलदाराच्या शिक्षेची माहिती मागितलीत तर वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम 8(1)(जे) पुढे करतील. सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा यांना वैयक्तिक माहिती ठरवलंय, आणि 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं ते कलम आणखी आवळलंय. त्यापेक्षा स्वतःच्या तक्रारीवरच्या टिपण्या मागा. शिवाय नावं न घालता, वर्षभरात पोलीस ठाण्यातल्या किती जणांची प्राथमिक चौकशी झाली, किती विभागीय चौकशा, कितींना सक्त ताकीद, कितींची वेतनवाढ रोखली, ते मागा.

मुलुंडकर: पण ‘वैयक्तिक’ का? ‘खासगी’ म्हणा.

दादरकर: आता अरबी चालतं?

लालबागकर: अर्जात ‘गैरवर्तणूक’ आणि ‘कसुरी’ दोन्ही घातले. ‘मारलं’ पण ठेवलंय, ते नाही काढणार.

गिरगावकर: ठेवाच. पण मला एक सांगा, ‘कसूर केला’ की ‘कसूर केली’? आमच्याकडे ‘केली’च.

मुलुंडकर: आमच्याकडे ‘केला’.