रोबोटिक्स किट: पुस्तिका संपल्यावर काय उरते?

खटपट्या (धागाकर्ता)

मुलांसाठीच्या रोबोटिक्स किटविषयी मत विचारले की एक तर ते उद्याच्या जगाची गुरुकिल्ली ठरते, नाहीतर चकचकीत खेळणे. माझा आक्षेप या दोन्हींहून वेगळा आहे. किटमधून शिकण्यासारखे पुष्कळ असते. पण ते शिकणे पुस्तिकेतली शेवटची पायरी झाल्यानंतर सुरू होते, आणि नेमक्या त्याच पायरीवर किट खोक्यात परत जाते. चित्रे पाहून तुकडे जोडले, पडद्यावरचे तयार ब्लॉक (एकेका आज्ञेचे ठोकळे) ओढून प्रोग्रॅम जुळवला, गाडी पळाली, टाळ्या झाल्या. पण ती का पळाली, हे मुलाला विचारून पाहा.

एक उदाहरण देतो. ‘दोन सेकंद मोटर चालू ठेव’ अशी आज्ञा दिलेली गाडी बॅटरी उतरत गेली की त्याच दोन सेकंदांत कमी अंतर कापते. मूल दोनाचे अडीच सेकंद करते, आणि दुसऱ्या दिवशी भरलेल्या बॅटरीवर तीच गाडी भिंतीवर आदळते. वेळ मोजण्याऐवजी चाकाचे फेरे मोजायला हवेत, हे इथे सुचायला हवे. मात्र बऱ्याच किटमध्ये ‘इतके सेंटिमीटर पुढे जा’ असा ब्लॉक तयारच असतो. मोटरमधला फेरे मोजणारा सेन्सर आतल्या आत हिशेब उरकतो आणि विचारण्याजोगा प्रश्न मुलापर्यंत पोहोचतच नाही.

वळणदार

कित्ता गिरवण्याला इतके कमी लेखू नये. मोटरच्या आसावर ८ दात्यांचे चाक आणि त्याला लावलेले ४० दात्यांचे चाक ही जोडी बहुतेक मुले प्रथम पुस्तिकेमुळेच जुळवतात. वेग पाचपट कमी झाला आणि जोर, घर्षणात जाणारा वाटा सोडल्यास, जवळजवळ पाचपट वाढला, हे बोटाने मोठे चाक अडवून पाहिले की लगेच कळते. आस एकाच बाजूने टेकवला तर ओझ्याखाली तो वाकतो आणि दाते कटकट करत निसटतात. म्हणून तो दोन्ही बाजूंनी आधार देऊन बसवायचा, हे शहाणपण कोरे तुकडे समोर ओतून किती मुलांना सुचेल?

राहिला तयार ब्लॉकचा प्रश्न. सेमूर पेपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा घडवली. तिच्यातल्या कासवाला, म्हणजे आज्ञेनुसार चालत रेघ काढणाऱ्या छोट्या रोबोटला, ‘१०० पावले पुढे’ म्हटले की मोटर कशी फिरते हे तिथेही झाकलेलेच होते. पण मोटर झाकली म्हणून भूमिती उघडी पडली. समभुज त्रिकोण काढायला मूल ६० अंश वळायला सांगते, कासव भलतीकडे जाते, आणि वळण्याचा कोन १२० अंशांचा असतो हे मूल स्वतः जमिनीवर चालून शोधते. काहीतरी झाकल्याशिवाय काहीच शिकवता येत नाही. काय झाकायचे, एवढाच वाद असू शकतो.

खटपट्या

त्रिकोणाचे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. तिथे मूल चुकते आणि चूक डोळ्यांसमोर रेखाटली जाते. पुस्तिकेबरहुकूम चालणाऱ्याला चुकायला जागा कुठे आहे? एक तुकडा उलटा बसला तर मागचे पान उघडायचे, एवढीच काय ती चूक.

तारजुळारी

मला तर दोघेही भीत भीत बोलताहात असे वाटते. झाकलेले नको असेल तर बंद किट मुळात आणूच नये. २००५ मध्ये इटलीत सुरू झालेला आर्डुइनो किंवा ब्रिटनमध्ये २०१६ साली शाळकरी मुलांना वाटलेला मायक्रोबिट यांसारखे उघडे बोर्ड, म्हणजे तारा आणि सेन्सर स्वतः जोडून प्रोग्रॅम करायच्या छोट्या संगणक-पट्ट्या, द्यावेत. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीने अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बंद किटमध्ये थेट सेंटिमीटर सांगतो. उघड्या बोर्डावर तोच सेन्सर ध्वनी परत यायला लागलेला वेळ देतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तेव्हा १० मिलिसेकंदांत त्याने ३.४३ मीटर प्रवास केला, आणि तो जाऊन-येऊन असल्यामुळे अडथळा साधारण १.७ मीटरवर आहे, हे गणित मुलाला करावेच लागते. मग हाच सेन्सर पडद्यापुढे का गोंधळतो, तिरक्या पुठ्ठ्यापुढे आंधळा का होतो, हेही त्याला कळते: कापड ध्वनी शोषते, तिरका पृष्ठभाग तो दुसरीकडे धाडतो.

शिवाय बंद किटचे आयुष्य कंपनीच्या मर्जीवर असते. लेगोने १९९८ मध्ये बाजारात आणलेली माइंडस्टॉर्म्स ही रोबोटिक्स किटची मालिका २०२२ च्या अखेरीस थांबवली. ठोकळे पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यांना चालवणारे ॲप तुमच्या पुढच्या फोनवर उघडेलच, याची हमी कोण देणार?

मागचा बाक

मी मुलांना शिकवते, म्हणून हे उघड्या बोर्डाचे कौतुक जरा सबुरीने घ्यावे असे सुचवते. ब्रेडबोर्डवरची (तारा खोचून जोडायच्या भोकांच्या पट्टीवरची) गाडी हलली नाही तर दोष तारेत असू शकतो, बॅटरीत असू शकतो किंवा कोडमध्ये असू शकतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाला या तिन्हींतले काहीच स्वतंत्रपणे तपासता येत नसेल तर ते अंदाजाने तारा उपटू लागते. एकाच बाजूने बसणारी, खटकन आवाज करणारी वायर यांपैकी एक शंका कायमची मिटवते आणि उरलेल्या दोन मुलाच्या आवाक्यात आणते. हे झाकणे मला मान्य आहे. बारा-तेराव्या वर्षी ब्रेडबोर्ड जरूर द्या.

माइंडस्टॉर्म्सबद्दल एक भर घालते: ईव्ही३ हा तिचा २०१३ चा संच मेमरी कार्डावर ठेवलेल्या लिनक्स या मुक्त, कोणालाही वापरता येणाऱ्या संगणक प्रणालीवरही चालतो. म्हणजे कंपनीने हात काढला तरी वाट बंद होत नाही; ती वाट चालणारा मोठा माणूस मात्र जवळ लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. चौघांत एक किट दिले की ज्याच्या हाती टॅब्लेट तोच प्रोग्रॅम लिहितो, दुसरा जोडतो, तिसरा तुकडे शोधून देतो आणि चौथा बघतो. ही वाटणी पहिल्या दहा मिनिटांत ठरते व आपोआप कधीच बदलत नाही. खोक्यावरच्या ‘संघभावना’ या शब्दाने काही होत नाही. शिक्षकाला घड्याळ लावून जागा बदलाव्या लागतात.

शंकेखोर

एवढेच शिकवायचे तर पुठ्ठा, रबरबँड आणि बाटलीची झाकणे काय वाईट? स्पर्धेतला रोबोट तर पुष्कळदा घरातले मोठेच बांधतात.

खटपट्या

दुसऱ्या वाक्याशी सहमत. पहिल्याबाबत: पुठ्ठ्याच्या गाडीला समोरचे पाहून निर्णय बदलता येत नाही. काळ्या रेघेवरून जाणारा रोबोट घ्या. प्रकाशाचा एकच सेन्सर रेघेच्या कडेवर धरायचा. काळे दिसले की एका बाजूला वळायचे, पांढरे दिसले की दुसऱ्या. गाडी डुलत डुलत जाते, पण जाते. सकाळी ठरवलेला काळ्या-पांढऱ्यामधला आकडा दुपारी खिडकीतून ऊन आल्यावर फसतो, कारण सेन्सरला रंग कळत नाही, परतलेला प्रकाश कळतो. मग आकडा गाडीनेच सुरुवातीला मोजून ठरवावा, असे मूल सुचवते. त्यापुढे ‘कडेपासून जितके दूर, तितके जास्त वळ’ हा नियम लावला की डुलणे बरेच शमते. यातले बहुतेक काम पुस्तिका मिटल्यावरचे आहे. माझी मागणी एवढीच आहे की निर्मात्यांनी अशा बिघडवून पाहण्याच्या कामांना रचनेच्या चित्रांइतकीच पाने द्यावीत.

वळणदार

पाने द्या, पण वय पाहून. ज्या मुलाची प्रमाणाशी अजून ओळख नाही, त्याला ‘जितके दूर, तितके जास्त’ चा ब्लॉक दिला तर तोही निव्वळ कित्ताच ठरेल, फक्त जास्त अवघड अक्षरांतला. त्याने डुलणारी गाडी घेऊन उन्हात आणि सावलीत आकडे टिपावेत. मला तेवढे पुरे आहे.

तारजुळारी

आणि ते आकडे त्याला कच्चे दिसू द्यावेत. ‘काळा’ आणि ‘पांढरा’ असे दोनच शब्द दाखवणारा सेन्सर असेल, तर उन्हाने काय बिघडवले हे टिपणार तरी कसे?