मदत हवी आहे : जुने फोटो बघताना ज्येष्ठांना काय विचारावं?

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठांसाठी दुपारी तासभर फोटो-चित्रं बघत गप्पा, असा उपक्रम चालवतोय. बहुतेक पंचाहत्तरीपुढचे. दोघांना कमी दिसतं, एका काकूंना अलीकडचं आठवत नाही. प्रोजेक्टर नाही. मूळ फोटो घरचे देत नाहीत (बरोबरच आहे), म्हणून मोबाईलवर टिपून मोठे प्रिंट काढतो.

'हे कोण? कुठलं साल?' विचारलं की परीक्षाच होते. नाव आठवलं नाही की माणूस गप्प. उलट रविवर्म्याचं हंस-दमयंती ठेवलं, तर दमयंती राहिली बाजूला, त्याच काकू लुगड्याच्या काठावर बोट फिरवत आईच्या लुगड्यांबद्दल भरभरून बोलल्या. म्हणजे अनोळखी चित्र कधीकधी घरच्या फोटोपेक्षा जास्त चालतं, असं माझं मत झालंय.

अडतंय ते पुढे. एक आजोबा आपल्या लग्नाच्या स्टुडिओतल्या फोटोकडे बघून म्हणाले, "हा पोरगा कुणाला एवढा भ्यायलाय?" आणि डोळे भरून आले. सगळ्यांनी घाईने चहाचा विषय काढला. मला ते पटलं नाही, पण काय करावं तेही सुचलं नाही.

पुढे औंधच्या भवानी संग्रहालयात न्यायचा विचार आहे, तिथे रविवर्म्याची मूळ चित्रंच आहेत. समुपदेशक नेमणं परवडणार नाही. वृद्धांसोबत असं काम केलेल्यांनी सांगावं : अशा क्षणी बोलू द्यायचं की विषय बदलायचा? आणि बोलू द्यायचं तर पुढचा प्रश्न कोणता विचारायचा?